सुनंदाताईंच्या फोटोतली भिंत

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते खोडून काढण्यासाठी. खोटं वाटत असेल तर संपादकांना विचारा, माझी दोन खरमरीत पत्रं त्यांच्याकडे पडून असतील. भूत, भानामती, अंगात येणं... या सगळ्याविरुद्ध मी पत्रकं लिहिली, बीडच्या एसटी स्टँडवर उभा राहून वाटलीही. वडील सभेतून आणलेली पत्रकं घरी मोठ्यानं वाचायचे. माझी अक्षरओळख त्या पत्रकांवरच झाली. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलोय, याची लाज वाटते. पण खरी लाज वेगळीच आहे. ती पुढे येईल.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. गल्लीत नुकतीच केबल आली होती, कोपऱ्यावर एसटीडी बूथ झाला होता आणि आमच्यासारख्यांच्या घरातही ‘सुट्टीत कुठं जायचं’ असं बोललं जाऊ लागलं होतं. एका मासिकात घरांच्या अदलाबदलीचं पान यायचं — दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आमच्या घरी राहा, आम्ही तुमच्या. मालवणच्या एका बाईंना बीड हवं होतं. सुनंदाताई. माहेर बीड जिल्ह्यातल्या उमापूरचं, तिथं आता कुणी उरलं नव्हतं. पण मुलांना एकदा ते गाव आणि कपिलधारचा धबधबा दाखवायचा होता. नवरा सरकारी नोकरीत, बदलीवर. आणि माझ्या आईनं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता.

अशा व्यवहारात सगळं आधी स्पष्ट कळवावं लागतं, आणि स्पष्ट लिहिणं तर माझा धंदाच! मी दोन पानी पत्र लिहिलं. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं, तेही पहाटे. दाराचं कुलूप उघडताना कडी वर उचलून धरा. मोरीतला बल्ब हलवला की लागतो. शेजारी रज्जाकचाचांकडे घराची किल्ली आहे. अगदी दूधवाल्याची हाक कशी ओळखायची तेही लिहिलं. एकच गोष्ट लिहिली नाही — आम्ही बौद्ध आहोत.

आडनाव आमचं कुणाचंही असू शकेल असं. पण ‘मिलिंद’ लिहिलं की ओळखणारे ओळखतात, म्हणून पत्राखाली नुसती आद्याक्षरं टाकली. शेवटी ‘सप्रेम नमस्कार’. एरवी मी पोस्टकार्डावरसुद्धा ‘जयभीम’ लिहायचो!

निघायच्या आधी बूथवरून त्यांना फोन केला. त्यांनी विचारलं, “अजून काही सांगायचं राहिलं का हो?”

मी म्हणालो, “नाही. तुमच्याकडून?”

त्या म्हणाल्या, “नाही... काही नाही.”

निघायच्या दिवशी आई रिक्षात जाऊन बसली. “टॉवेल विसरला,” म्हणून मी परत आत गेलो. हॉलमध्ये, दारातून शिरल्याबरोबर समोर दिसेल अशी, निळ्या कोटातली ती तसबीर होती. कुणाची ते सांगायला नको. आमच्या लोकांच्या प्रत्येक घरात असते. आजोबांनी आणलेली. चौकटीचा एक कोपरा फुटलेला, त्याला मीच काळी टेप गुंडाळलेली. ती मी उतरवली, चादरीत गुंडाळली, लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं. किल्ली खिशात. दुसरी किल्ली कित्येक वर्षांपूर्वीच हरवली होती. रिकाम्या खिळ्यावर एक कॅलेंडर अडकवलं.

“टॉवेल आणाया एवढा येळ?” आई म्हणाली.

“सापडत नव्हता.”

मालवणला आई वाळूत पाय रोवून उभी राहिली. लाट आली, गेली. मग म्हणाली, “एवढं पानी, अन् पिता येत न्हाई व्हय? मंग काय कामाचं रं हे!” दिवसभर हसत होती. इतकी खूष मी तिला कधीच पाहिली नव्हती.

आठ दिवसांनी परतलो. रिक्षा थांबताच मी धावत आत गेलो. खिळ्यावर कॅलेंडर. कपाटाला कुलूप. आत चादरीत तसबीर, मी गुंडाळली होती तशीच. आई सामान उतरवून येईपर्यंत मी ती जागेवर लावली. तिला काही कळलं नाही.

पंधरा दिवसांनी सुनंदाताईंचं जाड पाकीट आलं. आईला वाचता येत नाही. तिला मीच वाचून दाखवतो. तसबीर समोर दिसली तेव्हा आपण दारातच रडलो, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढचे शब्द मला पाठ आहेत: ‘आम्हीही आपलेच. तुम्ही कोण, काय म्हणाल, या भीतीनं आमच्या घरातली तसबीर मी कापडात बांधून माळ्यावर ठेवून आले होते. तुमच्याइतकी हिंमत आमच्यात नव्हती, माफ करा. मुलांनी आठही दिवस फुलं वाहिली.’ खाली — सप्रेम जयभीम.

सोबत एक फोटो. आमच्या हॉलमध्ये त्यांची दोन मुलं बसलेली, आणि मागच्या भिंतीवर तसबीर. झेंडूचा हार. कोपऱ्यावरची काळी टेपसुद्धा स्पष्ट दिसत होती.

मी फोटो उजेडात नेऊन पुन्हा पाहिला. आई मात्र फोटो घेऊन गल्लीभर फिरली. “बगा, पाव्हन्यांनी हार घातला!”

मी तपास केला, कारण तेवढंच मला येतं. रज्जाकचाचांना विचारलं. “मैंने कुलूप खोलके दिया बस. पराये बाईमान्साच्या घरात आत कशाला जाऊ बाबा?” कपाटाचं कुलूप तपासलं, ओरखडा नाही. सुनंदाताईंना सहज म्हणून लिहिलं, हॉलमधलं कॅलेंडर उपयोगी पडलं का? उत्तर आलं, ‘कॅलेंडर कुठं होतं? तारीख बघायला आम्ही चाचांकडे जायचो.’

इथे मी थांबायला हवं होतं. पुढचं सांगताना मान वर होत नाही.

त्याच वर्षी एका कार्यक्रमात मला बोलायला बोलावलं. विषय होता — ओळख लपवू नका. मी सुनंदाताईंचं पत्र वाचून दाखवलं. ‘तुमच्याइतकी हिंमत’ या शब्दांवर टाळ्या पडल्या. त्या मी घेतल्या. त्या बाईनं विश्वासानं दिलेली कबुली मी माझ्या मोठेपणासाठी वापरली. आई पहिल्या रांगेत बसली होती.

गेल्या आठवड्यात तिला सगळं सांगितलं. चार वर्षं लागली. ती तांदूळ निवडत होती.

“म्हंजी... तू काढला व्हता फोटू?”

“हो. पण आई, नवल बघ ना! कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात, आपण तिकडं मालवणात... मग तो भिंतीवर गेला कसा?”

“ते ऱ्हाऊ दे. तू काढला कावून?”

“त्यांनी नको म्हटलं असतं तर? तुला समुद्र बघायचा होता ना...”

“माज्यासाठी काढला म्हन्तो?” तिनं सूप बाजूला ठेवलं. “मला न्हवता बगायचा असला समुद्र.”

ती उठली, फळीवरचा सुनंदाताईंनी पाठवलेला फोटो काढला. वाटलं, फाडते की काय. पदरानं पुसला आणि परत जागेवर ठेवला.

“त्या बाईला पत्र लिव. तिनं खरं लिवलं, तू न्हाई लिवलं. लिव आता. मी बसते हितं.”

मी कागद घेतला. ‘तसबीर भिंतीवर कशी आली, ते मला आजही माहीत नाही’ — हे वाक्य लगेच उमटलं. खरंच माहीत नाही, तुमच्यापैकी कुणाला सांगता आलं तर सांगा. पण पत्रात त्याच्या आधी एक वाक्य यायला हवं. तेवढी जागा मी कोरी सोडली आहे. इथे तुमच्यापुढे लिहिलं, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तिथे अजून लिहिता आलेलं नाही.

रोज संध्याकाळी आई विचारते, “झालं का लिवून?” आणि समोर येऊन बसते.