बॉनेटवरची दोन भोकं

सिंगापूरच्या आमच्या ऑफिसातल्या पुणेकर साहेबांनी एक जुनाट मोटार विकत घेतली आणि ती कुठल्याशा संस्थानिकाची होती, असं सांगत सुटले. पुरावा काय, तर बॉनेटवरची दोन भोकं. म्हणे तिथे संस्थानचा झेंडा लावायचे. आधीचे मालक शोधून काढायचं काम अर्थातच त्यांनी माझ्या गळ्यात मारलं.

दोन शनिवार वाया घालवून मी टॅम्पिनीसमधल्या एका फ्लॅटवर पोहोचले. तिथल्या चिनी आजोबांच्या वडिलांनी ही गाडी शोरूममधून नवीकोरी घेतली होती. झेंड्याचं ऐकून आजोबा पोट धरून हसले आणि त्यांनी कपाटातून गाडीचा एक जुना फोटो काढून दिला. गाडी लग्नांना भाड्याने जायची. त्या भोकांत नवरा-नवरीच्या बाहुल्या बसवायचे.

सोमवारी फोटो साहेबांपुढे ठेवला आणि आजोबांनी सांगितलेलं सगळं ऐकवलं. आता तरी यांना लाज वाटेल, ही माझी भाबडी आशा. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो बराच वेळ निरखला.

"बघा," ते हळहळत म्हणाले, "राजेसाहेबांवर काय वेळ आली होती! गाडी परक्याच्या नावावर घेऊन लग्नांना भाड्याने द्यावी लागली."