नाव घातलेला डबा

करमाळ्याच्या स्टँडवर आईनं माझ्या पिशवीत ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी कोंबली. "आधी राहायची जागा बघ. मिळाली की लगेच फोन कर," हे तिनं गाडी लागण्याआधी सांगितलं आणि गाडी लागल्यावर खिडकीतून पुन्हा सांगितलं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. महाप्याच्या एका कंपनीत नोकरी लागली होती आणि सोमवारी रुजू व्हायचं होतं. दिघ्याला माझा मामेभाऊ संतोष राहतो, पण एका खोलीत तो, वहिनी आणि दोन मुलं. शिवाय सोमवारी त्याच्या सासरची माणसं येणार होती. शनिवार आणि रविवार, एवढ्यातच मला कुठंतरी खोली मिळायला हवी होती.

सकाळी एसटीनं तुर्भे नाक्यावर सोडलं. घाट उतरल्यापासूनच अंगाला शर्ट चिकटत होता. तिथून महापालिकेच्या बसनं ठाणे-बेलापूर रस्त्यानं निघालो. उजवीकडे कारखाने आणि त्यांच्यामागे डोंगर, डावीकडे उंच इमारती. आमच्याकडे पत्ता सांगताना वडाचं झाड, पिठाची गिरणी असं सांगतात. इथं सगळं आकड्यांत. सेक्टर अमुक, प्लॉट तमुक. रस्ते मात्र इतके सरळ आणि झाडांनी भरलेले की पायी फिरताना मला मोठं झाल्यासारखं वाटलं.

ते वाटणं पहिल्या सोसायटीच्या फाटकापर्यंत टिकलं. वॉचमननं मला खालून वर पाहिलं.

"फॅमिली आहे?"

"आहे ना. करमाळ्याला."

"तिकडची नाय विचारत. सोबत कोन आहे?"

"एकटाच आहे."

"मग पुढं जा, भाऊ. बॅचलर चालत नाय."

दुसरीकडेही तेच. तिसऱ्या सोसायटीचे सेक्रेटरी फार सज्जन होते. त्यांनी पंख्याखाली बसवलं, गार पाणी दिलं, माझे मार्क विचारले आणि आपल्या मुलाला हाक मारून "बघ, खेड्यातून येऊन पोरं कशी शिकतात," असं ऐकवलं. मग मला तितक्याच प्रेमानं फाटकापर्यंत सोडायला आले. खोली नाहीच.

रात्री संतोष म्हणाला, "सोसायट्या सोड. कोपरखैरण्याच्या पुढं एक गावठाण आहे. तिथं बेबीमावशी म्हणून एक बाई खोल्या देतात. कडक आहेत, पण माणसं पारखून देतात म्हणे. उद्या जाऊन बघ. नाहीतर..." त्यानं पुढचं बोलणं गिळलं. नाहीतर काय, ते मलाही कळत होतं.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या दोन घरांबद्दल सांगणार आहे ती तिथं सगळ्यांना ठाऊक आहेत. रविवारी सकाळी गेलो. सेक्टरचा रुंद रस्ता एका वळणावर अचानक गल्ली झाला. गुलाबी, पोपटी, निळी घरं एकमेकांना खेटून तीन-तीन मजले वर गेलेली. मध्ये एक तळं, मागं खारफुटी आणि तिच्यापलीकडे खाडी. शहराच्या पोटात हे जुनं गाव तसंच बसून आहे. त्या दिवशी तर ते नटून बसलं होतं. गल्लीभर पताका, बँडबाजा आणि घराघरातून मसाल्याचा असा वास की माझी पावलं आपोआप मंदावली. गावदेवीची जत्रा होती.

ताडगोळे विकणाऱ्या एका बाईंना बेबीमावशीचं घर विचारलं.

"त्यो जिना दिसतंय ना, लोखंडी? त्याच्या बाजूला."

जिन्याच्या दोन्ही बाजूंना एकेक दार होतं. मी डावीकडच्या दारात उभा राहिलो, आणि "मावशी..." एवढंच बोललो.

"आयलास (आलास)? ये, ये, बस. पाय धू," आतून एक बाई म्हणाल्या. हातभर हिरव्या बांगड्या, कपाळाला मोठं कुंकू. या हिराकाकू. पण मला तेव्हा त्या बेबीमावशीच वाटल्या.

"मी खोलीसाठी..."

"जेव आदी. आज जेवल्याबिगर बोलाचा नाय."

नंतर कळलं की तिथली ती रीतच आहे. जत्रेच्या दिवशी दारात आलेल्याला तू कोण, कुठला, हे तो जेवून उठेपर्यंत विचारत नाहीत. विचारलं तर त्याचा आणि देवीचा अपमान. पुढ्यात ताट आलं. मटण, वडे, आणि तांदळाची भाकरी इतकी पातळ व मऊ की आमची ज्वारीची भाकरी तिची थोरली, रांगडी बहीण वाटावी. शिवाय एका वाटीत निवट्यांचं (खाडीच्या चिखलातल्या छोट्या माशांचं) आंबट-तिखट कालवण. मी निवट्यांकडे जरा संशयानं बघत होतो. शेजारी बसलेला काकूंचा मुलगा रूपेश म्हणाला, "घाबरतोस काय? त्या मेलेल्या आहेत." पहिला घास घेतला आणि मग वाटी दोनदा भरून घेतली.

हात धुतल्यावर काकूंनी नवऱ्याला विचारलं, "पोरगा तुमच्या उरनच्या पावन्यांतला का?"

काका दचकले. "मना (मला) वाटला, रूपेशच्या हाफिसातला हाय."

रूपेश म्हणाला, "माझ्या? मला वाटलं आईच्या माहेरचा. केवढा हक्कानं कालवण मागत होता!"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो आणि शाळेत उत्तर द्यावं तसं सांगितलं, "मी करमाळ्याचा. बेबीमावशींकडे खोली बघायला आलो होतो."

रूपेश जो हसत सुटला तो भिंतीला टेकून खालीच बसला. काकाही हसले. काकू मात्र हसता हसता थांबल्या.

"बेबीचा दार जिन्याच्या त्या बाजूला," त्या म्हणाल्या.

बेबीमावशी म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. दोघींचं घर एकच होतं. वाटणी झाली, बेबीमावशींनी वर मजले चढवले, आणि लोखंडी जिना वीतभर हिराकाकूंच्या ओट्यावर आला. तेव्हापासून बोलणं बंद. रूपेश हळूच म्हणाला, "आमच्याकडं जेवलास हे तिला कळलं, की तुझी खोली गेली."

माझं तोंड उतरलेलं काकूंनी पाहिलं असावं. त्या आत गेल्या आणि एक स्टीलचा डबा घेऊन आल्या. "निवट्या हायत. रातच्याला भाकरीसंगं खा. जा आता, आन खोटा बोलू नको तिच्याशी."

उजवीकडच्या दारात बेबीमावशी उभ्याच होत्या. सडपातळ, चष्म्यातून रोखून बघणाऱ्या. मी खोलीचं सांगितलं.

"एकटा? एकट्या पोरांना मी देत नाय सहसा. जेवलास का?"

"जेवलो."

"कोनाकडं?"

मी शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं. त्यांचा चेहरा कडक झाला. "मग खोली पन तिथंच मागाची," म्हणून त्या वळल्या, आणि त्यांची नजर माझ्या हातातल्या डब्यावर पडली. त्यांनी तो घेतला, पदरानं पुसला, चष्मा वर-खाली केला. झाकणावर नाव घातलेलं होतं: चि. सौ. कां. बेबी.

"यो माझा डबा. माझ्या लग्नातला," त्या म्हणाल्या. "वाटनीत कुठं गेला म्हनून किती शोधला."

झाकण उघडून त्यांनी वास घेतला. मग तिथंच, उंबऱ्यावर बसून, एक निवटी उचलून तोंडात टाकली. म्हणाल्या, "चिंच जास्तच घालते. पैल्यापासून."

तेवढ्यात जिन्यापलीकडून आवाज आला, "तुला चालत नसंल तर दे परत!" हिराकाकू ओट्यावर कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कुणास ठाऊक.

"डबा माझा, निवट्या माझ्या दारात. परत कनाला (कशाला) देऊ?" बेबीमावशी माझ्याकडे बघतच बोलल्या. मग आत जाऊन डबा घासून आणला आणि त्यात आपल्याकडचे घारगे भरले. "रिकामा डबा देत नायत. जा, देऊन ये तिला. आन येताना तिसऱ्या मजल्याची खोली बघ. पंखा आवाज करतंय, आदीच सांगते."

डबा घेऊन मी जिना ओलांडला. काकूंना विचारलं, "तुम्ही मुद्दाम तोच डबा दिलात ना?" त्या म्हणाल्या, "हाताला लागला तो दिला." रूपेशनं मागून मान जोरजोरात हलवली. हाताला लागला हे खरं नाही, म्हणत होता.

वरच्या खोलीच्या खिडकीतून खाडी दिसत होती. तिथूनच आईला फोन केला. "मिळाली," म्हणालो आणि पंख्याचा आवाज तिला ऐकवला.

त्या जिन्यावरून मी रोज कामाला जातो-येतो. तो अजूनही वीतभर ओट्यावरच आहे. दोघी तासन्‌तास गप्पा मारतात असं काही झालेलं नाही. पण हिराकाकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्याला लागून आहे. "आयलास? यो तिला दे, आन मीठ कमी हाय बोलली तर मना सांगू नको," असं म्हणून त्या डबा बाहेर देतात. सकाळी तोच डबा भरून परत येतो, बरोबर एखादा टोमणाही असतो. टोमणे मी पोचवत नाही.

पहिल्या सुट्टीत करमाळ्याला गेलो. वीतभर ओट्यासाठी अबोला धरणारी आणि परक्या पोराला नावही न विचारता वाढणारी माणसं एकाच घरातली, हे आईला सांगता सांगता मलाच नव्यानं कळत होतं. निघताना तिनं माझ्या पिशवीतून, बेबीमावशींनी घारगे भरून दिला होता तो डबा काढून चटणीनं दाबून भरला. झाकणावरचं नाव तिला वाचता येत नाही. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हा कुणाच्या घरचा? कुणाला द्यायचा?"

"जिन्याच्या कुठल्याही बाजूला दिला तरी," मी म्हणालो, "दोघींना पोचतो."