बेबीचा ट्रे

दुपारी चहाला चौघं जमले की कुणीतरी म्हणतंच, "ताई, ते बेबीचं सांगा ना!" मी विचारते, "कुठलं?" कारण एखाद-दुसरं असतं तर लक्षात ठेवलं असतं. आमच्याकडे रोज एक घडायचं. कालचं सांगून होईपर्यंत आजचं तयार!

दिंडोरी रोडला आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. मालक दोघं भाऊ. थोरले अण्णा साठीचे, मऊ स्वभावाचे. धाकटे प्रदीपभाऊ म्हणजे कडक माणूस. माल पोचवायला दगूनाना, कॉम्प्युटरवर मी. आणि बेबी.

बेबी म्हणजे मांजर. वय वर्षं सोळा! आता उंदीर आला तर ती बाजूला सरकून त्याला वाट देते.

जन्मभर ती दुकानामागच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन आपलं उरकून यायची. यंदा तिथे बिल्डिंग झाली आणि कंपाउंडभर पेव्हर ब्लॉक बसले. बेबी गेली, वास घेत एक चक्कर मारली आणि परत आली. आमच्याकडे असं बघितलं, जणू ते ब्लॉक आम्हीच बसवलेत.

मग तिने दुकानातच जागा शोधली.

*

तिने शोधली ती जागा म्हणजे सॅम्पल दाखवायला उघडं ठेवलेलं गांडूळ खताचं पोतं!

आम्हाला पत्ताच नाही. चांदवडचे एक जुने गिऱ्हाईक आले, ओंजळ भरून खत घेतलं आणि नाकाशी नेलं. म्हणाले, "वल्लं हाय की! ताजं दिसतंय."

दगूनानांच्या तेवढ्यात लक्षात आलं. पण माणूस हजरजबाबी. म्हणाले, "एकदम ताजं. सकाळचंच हाय."

गिऱ्हाइकाने हात पँटला पुसले आणि दोन गोण्या घेतल्या. बंद गोण्याच दिल्या हो आम्ही, देवाशपथ!

पण प्रदीपभाऊंनी ते सगळं पाहिलं होतं. पोतं बाहेर गेलं आणि हुकूम निघाला, "दसऱ्यापर्यंत ही शिकली तर शिकली. नाहीतर रवानगी सिन्नरच्या गोडाऊनला!"

सिन्नरला दिवसभर ट्रक, आणि गेटवर चार कुत्री. सोळा वर्षांची म्हातारी तिथे आठ दिवस टिकली नसती.

*

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "एक ट्रे घ्या आणि त्यात कॅट लिटर भरा." झालं! नाना निघाले कॉलेज रोडला.

दुकानातल्या मुलीला म्हणाले, "लिटर द्या. मांजराचं."

"किती देऊ काका?"

"पाच लिटर."

"काका, ते किलोत मिळतं."

"लिटर किलोत कसं मिळेल? मला शिकवता का? आयुष्य गेलं माझं फवारणीची औषधं उचलण्यात!"

शेवटी त्यांनी तिथूनच अण्णांना फोन लावला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, "नाना, सुट्टं घेऊ नका. सीलबंद कॅन आणा."

आली अखेर पिशवीच. लिटर म्हणजे मांजराच्या शी-शूचे खडे निघाले, तेही लव्हेंडरच्या वासाचे. बेबीने वास घेतला, तीनदा शिंकली आणि माझ्या खुर्चीखाली जाऊन मोकळी झाली.

*

सुगंधी खडे फेकून दिले आणि कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, भरलं, तरी बेबी ट्रेपर्यंत जायची, पुढचा एक पाय आत टाकायची आणि मागे फिरायची. शेवटी डॉक्टरांकडे नेली. त्यांनी मागचे पाय चाचपले. "गुडघे गेलेत हिचे. कड उंच आहे, चढताना दुखतं तिला. एका बाजूने कापून टाका. म्हाताऱ्या माणसाला कमोड बसवून देतो ना, तसं समजा."

अण्णांनी ताबडतोब करवत मागवली. जमिनीवर मांडी ठोकून, चष्मा लावून ट्रेची कड कापली. तिच्या पोटाला टोचू नये म्हणून वरून पॉलिश पेपरही मारला. नेमक्या तेव्हाच अण्णांच्या मिसेस, आमच्या काकू, डबा घेऊन दारात!

काकूंनी विचारलं, "काय चाललंय?"

अण्णा कौतुकाने म्हणाले, "बेबीचे गुडघे दुखतात गं."

"हो का? माझे तीन वर्षं दुखताहेत. कमोड बसवा म्हटलं, तर म्हणता फरशी फोडावी लागेल!"

यावर माणसाने गप्प बसावं की नाही? अण्णा म्हणाले, "अगं, पण हिची फरशी कुठे फोडावी लागतेय?"

दोन दिवस अण्णा दुपारी समोरच्या हॉटेलात मिसळ खात होते. तिसऱ्या दिवशी घरी प्लंबर आला.

*

आता बेबी ट्रेत उतरायला लागली. पण कुणी बघितलं की लगेच बाहेर! नाना म्हणाले, "बाईमाणूस हाय. सगळ्यांदेखत कशी जाईल?"

एकदा ती आत शिरली तेव्हा दुकानात सायखेड्याचे तिघं भाऊ उभे. अण्णांनी दबक्या आवाजात सांगितलं, "सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा!"

आम्ही वळलो, तेही वळले. भिंतीवर गणपतीचा फोटो. त्यातल्या थोरल्याने टोपी काढून हात जोडले आणि नानांना विचारलं, "आरती हाय का?"

"हाय. मनातल्या मनात म्हना."

पाच मिनिटं सगळं दुकान हात जोडून उभं! बेबीने आमच्या पाठी नीट बघून घेतल्या आणि ट्रेतच झोपून गेली.

*

दसऱ्याला चार दिवस उरले. कालपासून बेबी कुठेच न जाता अडूनच बसलेली. डॉक्टर म्हणाले, "तिच्या जुन्या जागेची माती आणून ट्रेत टाका. ओळखीचा वास लागेल."

नाना पहार आणि घमेलं घेऊन मागे गेले आणि कोपऱ्यातला एक ब्लॉक उचकटायला लागले. वॉचमन धावत आला. "ओ, काय करताय?"

"म्हातारीच्या मातीसाठी आलोय."

वॉचमनने टोपी काढली. "अरेरे! कधी गेल्या?"

"कुठं गेली! कालपासून नुसती बसून हाय."

"बसून?"

"मग! माती आली की जाईल आपोआप. सगळे वाट बघून ऱ्हायलेत. मालकांनी तर दसऱ्यापर्यंतच मुदत दिलीय तिला."

वॉचमनने घमेलं स्वतःच भरून दिलं.

संध्याकाळी तो हार घेऊन दुकानात आला आणि हळूच विचारलं, "आजी कुठं बसल्यात?" मी बेबीकडे बोट दाखवलं. त्याने बेबीकडे बघितलं, हातातल्या हाराकडे बघितलं. मग हार गणपतीला घालून निघून गेला.

*

दुसऱ्या दिवशी टाय लावलेला एक कंपनीवाला आला. द्राक्षाचं नवीन टॉनिक घेऊन. ट्रेकडे त्याची पाठ होती. प्रदीपभाऊ कंटाळून जांभया देत होते.

"सर, पान हिरवंगार, पानाला काळोखी येते..."

बेबी उठली. कापलेल्या बाजूने आत गेली. मातीचा वास घेतला.

माझा हात की-बोर्डवर थांबला. अण्णांच्या हातातला चहा हवेतच राहिला. नाना खांद्यावर गोणी घेऊन जागच्या जागी उभे. प्रदीपभाऊ खुर्चीच्या टोकाला सरकले.

सगळे असे डोळे फाडून बघताहेत म्हटल्यावर कंपनीवाल्याला चेव आला. त्याचा आवाज चढला. "मण्याला फुगवण येते! साखर भरते!"

बेबीने उकरलं. बसली.

"आणि सर, पॅकिंग! एक थेंब बाहेर सांडत नाही!"

बेबी उठली, वळली आणि पंजाने सावकाश, व्यवस्थित माती ओढून घेतली.

नानांनी गोणी टाकली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. अण्णा उभे राहिले. मी रडत होते आणि टाळ्याही वाजवत होते.

कंपनीवाल्याने छातीवर हात ठेवला. "थँक यू! थँक यू! इतकी वर्षं फिरतोय, टॉनिकला टाळ्या पहिल्यांदाच!"

प्रदीपभाऊंनी रुमालाने डोळे टिपले. "लिहून घ्या. पन्नास डबे."

तो थक्क! "सर, कुठला मुद्दा पटला?"

प्रदीपभाऊ म्हणाले, "शेवटचा."