हळू बोला, वयनी

मालवणच्या मासळीबाजारात ती कोपऱ्यात मासे विकायला बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. माझी खानावळ मी एकटीने घासाघीस करून उभी केली, त्यामुळे माझा आवाज अख्ख्या बाजाराला ठाऊक. बांगड्यांच्या भावावरून मी आवाज चढवला की ती सातव्या महिन्याच्या पोटावर हात ठेवायची, एखाद्याचे कान झाकावेत तसा.

"हळू बोला, वयनी. ता आयकता."

"मग भाव उतरव!"

"भाव उतरूचो नाय. तुमी आवाज उतरवा."

शेजारच्या बायका हसल्या. मी चिडले; पण पुढे तिच्याशी हळूच घासाघीस करू लागले.

बाळंतपणानंतर ती तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन बाजारात आली. मी "कसे दिलेस?" विचारताच पोरीने आईच्या खांद्यावरची मान माझ्याकडे वळवली.

"चेडू वळाखता तुमका," ती म्हणाली.

माझी लेक पोटात होती तेव्हा दिराशी आंब्याच्या कलमांच्या वाटणीचं भांडण चाललं होतं. घरच्यांनी मलाच पुढे केलं. दिवस भरेपर्यंत मी अंगणात ओरडत होते आणि वाटणी जिंकले. हळू बोल, असं एकानेही म्हटलं नाही, याचा राग अजून जात नाही. लेक माझ्या आवाजाने दचकून रडायची, सासूच्या कुशीत गप्प व्हायची. आता पुण्याला असते. फोन लवकर ठेवते.

त्या दिवशी बांगडे घेऊन झाले तरी मी तिथेच उभी राहिले. न घ्यायच्या माशांचेही भाव हळू आवाजात विचारत राहिले, पोरीने पुन्हा वळून बघावं म्हणून.