तेलवाला बिरप्पा

…तर बिरप्पा मागाखाली आडवा, नुसते पाय बाहेर, आणि मिलचे साहेब ओरडतायत, ‘कोण मेलंय रे इथं?’ काल इथवर आलो आणि तुम्ही मला जेवायला उठवलंत. तर खालून आवाज आला, ‘मेलो न्हाय साहेब, तेल घालतोय!’

असा आमचा बिरप्पा. दुधनीकडचा. घरची मेंढरं सोडून सोलापूरला आला आणि मिलमध्ये तेलवाला झाला. मिलच्याच चाळीत आमच्या खोल्या, भिंतीला भिंत. हातात लांब चोचीची झारी, आणि नेम एकच: मागाच्या फिरत्या भागाला तेल, बाकी कशाला थेंब नाही. त्याची बायको म्हाळसाबाई म्हणायची, ‘माज्या डोक्याला तेल मागितलं तरी इचारतो, फिरतंय का?’ आम्ही हसून लोळायचो.

मग मिल बंद पडली. कोणी गाव गाठलं, कोणी रिक्षा धरली. समोरच्या खोलीतला सिदू बायकापोरं चाळीत ठेवून केमला गेला, स्टेशनजवळच्या हॉटेलात भजी तळायला लागला. काही वर्षं अशीच गेली. एकदा खंडेनवमीच्या तोंडावर साहेब स्वतः चाळीत आले, बिरप्पाच्या उंबऱ्यावर बसून चहा प्यायले.

‘बिरप्पा, यंदा पूजा आत मिलमध्ये करायची. मागांना तेल घाल. त्यांच्या पायांतल्या बोल्टांवरही तेल सोड, गंज चढलाय.’

‘बोल्ट कुटं फिरत्यात साहेब?’

‘अरे, मिल सुरू झाली की सगळंच फिरणार!’

आता मागाला तेल घालतात ते माग चालवायला. आमच्या डोक्यात दुसरं येणार कुठून? बिरप्पानं सिदूला फोन लावला, ‘सोड ती भजी आन् ये. माजा शबूद हाय.’ सिदू काम सोडून आला. त्याच्यामागं बाकीचेही आले. मागाखाली पाठी घासत आम्ही गंज खरवडला, बोल्ट तेलानं न्हाऊ घातले. खंडेनवमीला मागांना झेंडूच्या माळा घातल्या. म्हाळसाबाईनं गेटवर पेढे वाटले. बिरप्पा लहान पोरासारखा हसत होता.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी भोंग्याकडं कान लावून आम्ही सगळे गेटवर. भोंगा काही वाजला नाही. ट्रक आले. भंगारवाल्याची माणसं माळांसकट माग खोलायला लागली. पान्याचा एक झटका, की बोल्ट सुटला. त्यातला एक तर खूश होऊन म्हणाला, ‘तेल किने डाल्या चाचा? मस्के जैसा खुल रा!’

बिरप्पानं झारी पाठीमागं लपवली. सिदू म्हणाला, ‘तुज्या शबदावर आलो की रं.’ एवढंच. त्यानंतर समोरासमोर राहूनही तो बिरप्पाशी बोललेला नाही.

आता तिथं उंच इमारती झाल्यात. आमची चाळ तेवढी उभी आहे. इमारतींच्या गेटवर शोभेला एक जुना माग रंगवून ठेवलाय. गेल्या आठवड्यात तिथल्या ऑफिसातला मंजुनाथ चाळीत आला. गोड पोरगं. उंबऱ्यावरच बसलं, चहा प्यालं.

‘आजोबा, खंडेनवमीला त्या मागाची पूजा आहे. तुमच्या हातानं तेल घाला ना, फोटो काढू.’

‘जाऊ नगा हं,’ म्हाळसाबाई आतून म्हणाली. मी मजा बघायला खुर्ची पुढं ओढली. सिदूही आपल्या दारात येऊन उभा राहिला.

बिरप्पानं फळीवरची झारी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली. एकदा सिदूकडं बघितलं, मग त्या पोराला म्हणाला,

‘घालतो की. पण आदी खरं सांग बाळा, आता हितलं काय खोलून न्यायचं ऱ्हायलंय?’