धुक्यातली तिसरी

हा धागा मी बरेच महिने गुपचूप वाचतेय. लिहायचं धाडस आज करतेय...

आधीच सांगते, मी या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. आमच्या अख्ख्या घरातच कोणी नाही. आम्ही नागपूरचे, बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, उभ्या आयुष्यात घरात अंगारा येऊ दिला नाही, की कोणाची दृष्ट काढू दिली नाही. मी स्वतः इंजिनिअर, गाड्यांच्या सेन्सर्सच्या टेस्टिंगमध्ये काम करते. एखादं रीडिंग चुकीचं आलं तर ते का आलं हे सापडेपर्यंत मला घास गिळत नाही. तेव्हा खालचं वाचून हसलात तरी राग नाही. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मीही हसलेच असते.

२००७ साल, ऑक्टोबर संपत आलेला. आम्ही तेव्हा जर्मनीत, रेगेन्सबर्गला राहायचो — मी, नवरा प्रशांत आणि मुलगी मैत्री. ती नुकतीच पहिलीत गेली होती. बाबा नागपूरहून आमच्याकडे राहायला आले होते. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी तिकडेच थांबल्या होत्या. मैत्रीला शाळेची सुट्टी लागली आणि बाबा म्हणाले, "बेटा, डोंगर पाह्यले, राजवाडे पाह्यले. आता इथला समुद्र दाखवा."

आता समुद्र रेगेन्सबर्गहून केवढा लांब! पण प्रशांतने मनावर घेतलं. पार उत्तरेला, डेन्मार्कच्या अलीकडे, नॉर्थ सीच्या काठावरच्या एका खेड्यात त्याने एक पेन्सिऑन शोधलं. पेन्सिऑन म्हणजे घरगुती, साधं गेस्टहाउस. "पेन्शनर माणूस पेन्शनमध्येच चालला म्हणा की," असं बाबा वाटेत किती वेळा म्हणाले असतील! (गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ती बाई कदाचित अजून तिथे असेल.)

लाल विटांचं, उतरत्या छपराचं घर. घरामागे मेंढ्या चरत असलेला, गवताचा उंच मातीचा बांध आणि त्या बांधापलीकडे समुद्र. वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, खोलीच्या कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, बाथरूम बाहेर पॅसेजमध्ये. खाली जेवणघर, आणि दाराशी चिखलाचे बूट काढायची जागा. सीझन संपलेला होता, त्यामुळे आमच्याशिवाय एकही पाहुणा नव्हता. मालकीण फ्राऊ (म्हणजे श्रीमती) लोरेन्झन, सत्तरीची, उंच, कमी बोलणारी. एकटीच राहायची.

आम्ही दुपारी पोचलो. प्रशांत, बाबा आणि मैत्री सामान घेऊन पुढे गेले. मी गाडीतला पसारा आवरून मागून एकटीच आत शिरले. फ्राऊ लोरेन्झन पॅसेजमध्ये उभी होती. माझ्याकडे बघून तिचा चेहरा जरा गोंधळला.

"परत खाली आलात? काही विसरलं का?"

"नाही, मी आत्ताच येतेय," मी म्हणाले.

"आल्झो, म्हणजे... तुम्ही मघाशीच वर गेलात ना? मी चादरी घालत होते, तुम्ही माझ्या बाजूनेच गेलात."

मी हसून सोडून दिलं. वर जाऊन प्रशांतला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, त्यांना आपण सगळे सारखेच दिसतो. बाबांनाच तू समजली असेल."

बाबांना भरघोस पांढऱ्या मिशा होत्या, हे सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला खाली गेलो, तर टेबलावर तीनच जणांचे कप. मी चौथा मागितला तशी ती थबकली. "मला वाटलं तुम्ही इतक्यात यायच्या नाहीत. मघाशी किचनच्या खिडकीतून बघितलं तुम्हाला, बांधावर चढत होतात." मग माझ्या पायांकडे बघत जरा नाराजीनेच म्हणाली, "एवढ्या थंडीत अनवाणी जाऊ नका हं. आजारी पडाल."

मी तेव्हा अंथरुणातून उठून थेट खाली आले होते. प्रशांत साक्षीला होता. यावेळी तो हसला नाही, पण म्हणाला, "गावात दुसरी कोणी इंडियन बाई असेल." ऑक्टोबरात, त्या खेड्यात, अनवाणी! मला ते पटलं नाही. पण भांडणार तरी कशावर? दिवसभर मात्र मी उगाच मागे वळून बघत राहिले. बाथरूमच्या आरशात स्वतःकडे बघायलाही नको वाटायला लागलं. कारण विचाराल तर नव्हतं काही...

ओहोटीच्या वेळी तिथला समुद्र नुसता मागे जात नाही, दिसेनासाच होतो. उरतो तो क्षितिजापर्यंत पसरलेला करडा, ओला चिखल. जर्मन लोक त्याला 'वाट' म्हणतात आणि हौसेने त्यावर चालायला जातात. बाबा म्हणाले, "वाट? इथं तर वाट कुठंच दिसत नाही बेटा!" फ्राऊ लोरेन्झनने आम्हाला बजावून सांगितलं होतं की भरतीचं पाणी समोरून लाटांनी येत नाही. चिखलात जे खोल ओहोळ असतात ते आधी भरतात, कधीकधी तुमच्या मागच्या बाजूने. आणि धुकं आलं तर थांबायचं नाही, लगेच परतायचं. मी ते सगळं बाबांना मराठीत नीट समजावलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर प्रशांतला ऑफिसला फोन करायचा होता. रेंज फक्त रस्त्यावर मिळायची, म्हणून तो गाडीत जाऊन बसला. मी मैत्रीची चिखलाने भरलेली पँट बाथरूममध्ये धुवायला घेतली. बाबा दारात आले. "आम्ही दोघं जरा शिंपले वेचून येतो. बांधाच्या जवळच." चक्क ऊन पडलं होतं. मी बरं म्हणाले.

पँट पिळून वाळत घालायला खोलीच्या खिडकीशी गेले, तर बाहेर बांधच नव्हता. म्हणजे धुक्यात दिसत नव्हता. मेंढ्या नाहीत, गवत नाही, काचेला भिडलेलं पांढरं काहीतरी, बस.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. बांधावर चढून जीव खाऊन हाका मारल्या. "बाबा! मैत्री!" आवाज तोंडासमोरच विरून जात होता. मागोमाग फ्राऊ लोरेन्झन आली, गळ्यात दुर्बीण. तिने फायर ब्रिगेडला फोन केला होता, पण त्यांना पोचायला वेळ लागणार होता. प्रशांतला तिने गाडी बांधाच्या पायथ्याशी आणून सारखा हॉर्न वाजवत राहायला सांगितलं. मी उतरून चिखलात निघाले, तर तिने माझा दंड असा धरला की नंतर तिथे वळ उठले होते.

"नाइन! नाही! तुम्ही गेलात तर आम्हाला तिघांना शोधावं लागेल. इथेच उभ्या राहा. हाका मारा."

खालून पाण्याचा आवाज यायला लागला होता. लाटांचा नाही, नळ थोडासा उघडा राहिल्यासारखा. फ्राऊ लोरेन्झनने मनगटावरचं घड्याळ बघितलं. मी सारखी हाका मारत होते. घसा बसला. प्रशांतचा हॉर्न वाजतच होता. मधेच तो गाडीतून उतरायचा, वर बघून "काही दिसतंय?" ओरडायचा आणि पुन्हा हॉर्न दाबायचा. किती वेळ गेला ठाऊक नाही. मला तर वाटत होतं, संपलं सगळं.

तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि धुकं एका ठिकाणी फाटल्यासारखं झालं. फ्राऊ लोरेन्झनने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि ओरडली,

"दा! तिथे! येतायत. तिघं आहेत."

"तिघं?"

"हो, तिघं. मध्ये मुलगी आहे. देवाची कृपा, कोणीतरी सापडलं त्यांना!"

मी दुर्बीण ओढूनच घेतली. काचा माझ्याच श्वासाने धुरकटल्या, धड काही दिसेना. मी स्वतः जे पाहिलं तेवढंच सांगते — मैत्रीचं लाल जॅकेट. आणि त्या लाल ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी. मग धुकं पुन्हा मिटलं.

मी रडत होते, हसत होते. मनात त्या अनोळखी माणसाचे पाय धरत होते. मग अगदी जवळून मैत्रीचा आवाज आला, आणि धुक्यातून ते बाहेर आले.

बाबा आणि मैत्री. दोघंच.

बाबा कमरेपर्यंत भिजलेले. त्यांनी मान वर करून बांधावर मला पाहिलं आणि जागच्या जागी खिळले. आयुष्यात मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, मग वळून धुक्याकडे, मग परत माझ्याकडे.

"तू... तू वर कधी गेलीस?" त्यांनी विचारलं. "तू तर आमच्यासोबत होतीस."

मैत्री धावत येऊन मला बिलगली नाही. दोन पावलं लांब थांबली आणि विचारलं, "वो इस्ट दी आंडरे आई?"

म्हणजे, दुसरी आई कुठे आहे?

खोलीत हीटरजवळ ब्लँकेटमध्ये बसवल्यावर बाबांनी सगळं सांगितलं. शिंपले वेचत ते थोडे पुढे गेले होते. धुकं आलं तसे लगेच वळले, पण कुठे वळलो हेच कळेना. परतीच्या वाटेवर जिथे पाणी नव्हतं तिथे ओहोळ भरलेला. त्यात पाय घातला तर कमरेपर्यंत. मैत्रीला खांद्यावर घेतलं.

"तेव्हा तू हाक मारली, 'बाबा, इकडे.' पाह्यलं तर तू समोर उभी. हाच स्वेटर. अनवाणी. मी रागावलो तुझ्यावर, तू कायले आलीस म्हणून. तू बोललीच नाहीस. मैत्रीला उतरवून घेतलं, हात धरला अन् चालायला लागलीस. अन् बेटा, तू समुद्राकडे चालली होतीस! मला कळत होतं, पाण्याचा आवाज वाढत होता. मी ओरडलो, 'अर्चना, चुकतेयस!' तू फक्त हात वर केला. मग बरंच पुढं जाऊन वळलीस, अन् थेट बांधाशी आणलंस."

प्रशांतने विचारलं, "बाबा, तुम्हाला हॉर्न ऐकू आला नाही? मी सारखा वाजवत होतो."

"नाही. हॉर्न नाही, काहीच नाही."

मैत्रीला विचारलं तर ती म्हणाली, ती आई एक शब्दही बोलली नाही. आबांना, म्हणजे बाबांना, हाकही मारली नाही. आणि तिचा हात — "गान्स काल्ट". एकदम थंडगार.

फ्राऊ लोरेन्झनला मी हे सगळं जर्मनमध्ये सांगितलं, तेव्हा तिने आधी बाबांच्या खांद्यांवरचं ब्लँकेट सारखं केलं. मग म्हणाली, तो ओहोळ पार करता येत नाही. सरळ बांधाकडे निघाले असते तर बुडालेच असते. आधी समुद्राच्या दिशेने जाऊन त्याला वळसा घालणं, हा एकच रस्ता होता.

मी तिला थेट विचारलं, "या घरात, या गावात, पूर्वी काही घडलंय का? कोणी बाई..."

तिने नकारार्थी मान हलवली. "या किनाऱ्यावर माणसं बुडालीत, सगळ्याच किनाऱ्यांवर बुडतात. पण असलं काही नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी याच घरात आहे, कधी काही दिसलं नाही." मग खाली बघून हळूच म्हणाली, "आणि मी कोणी दुसरी बाई पाहिलीच नाही. मी तुम्हालाच पाहिलं."

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. ती दारापर्यंत आली, बाबांचा हात हातात घेतला, मैत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

प्रशांत अजूनही म्हणतो की भीतीने बाबांना भास झाला आणि मैत्रीने तेच धरून ठेवलं. असेल. पण मग दुर्बिणीतून बघणाऱ्या बाईने तिघं का मोजले? आणि बाबांना तो वळसा कोणी दाखवला? मी कितीदा तरी सगळं डोक्यात पुन्हा मांडून बघितलंय. प्रत्येक वेळी कुठेतरी काहीतरी उरतंच.

बाबा आता नाहीत. नागपूरला गेल्यावर त्यांनी हा विषय कोणाजवळ काढला नाही, सासूबाईंजवळही नाही. एकदाच मी फोनवर विचारलं होतं, "बाबा, खरं सांगा, नक्की मीच होते?"

"माझ्या सुनेला मी ओळखणार नाही का?" ते म्हणाले. "चेहरा तुझाच होता बेटा. पण तिनं एकदा वळून माझ्याकडं पाह्यलं ना... मी कोण, हे तिले ठाऊक नव्हतं."

तिने माझ्या दोन माणसांचा जीव वाचवला, जी कोणी असेल ती. तिचे आभार मानायला हवेत, हे मला कळतं. माझ्याच्याने ते कधी झालं नाही. आणि तिने माझाच चेहरा का घेतला, हे मी आजही शोधतेय.

त्या हिवाळ्यात मैत्रीला एक सवय लागली होती. रस्ता ओलांडताना माझा हात धरायच्या आधी ती तो बोटांनी चाचपून बघायची. "वार्म," असं स्वतःशीच पुटपुटायची आणि मग चालायला लागायची. एकदा दुकानातून बाहेर पडलो, बर्फ पडत होतं, माझे हातमोजे गाडीत राहिले होते. मी हात पुढे केला. तिने धरला, आणि पटकन सोडून दिला. मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. लोक बाजूने जात होते. मी दोन्ही हात एकमेकांवर चोळले, तोंडाशी नेऊन फुंकर मारत राहिले, आणि मग पुन्हा पुढे केला.

तिने लगेच धरला नाही.