आधी तू पी

कुणी नळ जोडला, टाकी बसवली, की हेल्गाबाई पहिला ग्लास त्याच्याच हातात द्यायची. "आधी तू पी." जर्मनीत ती प्लंबर होती. म्हातारपणी फुकट राबायला अंबाडीपुढच्या एका गावात आली. शाळेच्या आणि आरोग्य उपकेंद्राच्या पत्र्यांवरचं पावसाचं पाणी साठवायचं होतं. मराठी तिने उपकेंद्रातल्या नर्स सिस्टरकडून उचललं.

माझा नारपोलीत जुन्या ड्रमांचा धंदा. हातगाडीवर सुरू केलेला. कारखान्यांतले केमिकलचे ड्रम सोड्याने धुवायचे, उन्हात वाळवायचे, विकायचे. आमच्याकडे पाणी त्यांतच भरतात. ती ड्रम घ्यायला आली. भाव करताना मी आवाज चढवला, तर तिने माझ्याहून वर चढवला. बाई मला आवडली.

शाळेसमोर ड्रम उतरवले. तिने एकाचं झाकण काढून अख्खं डोकं आत घातलं. बाहेर आली ती लाल डोळ्यांनी.

"दादा, यात काय व्हतं?"

"धुतलेत, बाई."

"काय व्हतं?"

"रंगाचं काहीतरी."

तिने त्यात बादलीभर पाणी ओतलं, घुसळलं, ग्लास भरला. "आधी तू पी."

माझा हात पुढे गेला नाही. गाव जमलं होतं. कुणीतरी म्हणालं, "पी ना शेठ, घसा सुकला आसंल!"

माझं डोकं फिरलं. ग्लास उडवला. तिने कुऱ्हाड उचलली आणि पहिल्याच घावात ड्रम उभा चिरला. "ए बाई, हात मत लगा!" मी तिचा दंड धरला. तिने कोपर मारून माझं नाक फोडलं. ड्रायव्हर मध्ये पडला, त्याला सिस्टरने चपलेने झोडपला. हेल्गाबाई एकेक ड्रम फोडत होती, ओरडत होती, "पोरं पिनार हे! बाळंतीण पिनार!"

मला आजही राग आहे. बाजूला घेऊन सांगितलं असतं, तर गाडी मुकाट परत नेली असती. चारचौघांत इज्जत काढायची गरज नव्हती.

निघताना ती ओला फडका घेऊन आली. "दादा, तुज्या घरात हाय का असा ड्रम?"

मी काच वर केली.

घरी पोचलो तेव्हा आई मोरीतल्या निळ्या ड्रमात तांब्या बुडवत होती. मी लाथ घातली. पाणी घरभर. "येडा झालास काय रे?" ती किंचाळली. मी कोयता शोधत होतो.

पुढे हेल्गाबाई तिच्या देशात वारली. सिस्टरचा फोन आला, तेव्हा मी म्हणालो, "माफी न मागताच गेली."

नाक अजून वाकडंच आहे. पाण्यासाठी जुना ड्रम मागायला कुणी आलं, की मी आत जाऊन ग्लास आणतो.